"एखादं चांगलं पुस्तक द्या ना" : देवघेव विभागाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे आम्ही तिघं बसतो. टेबलासमोर, फोनवर आणि परत आलेल्या पुस्तकांत खोचलेल्या चिठ्ठ्यांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मतं आमची आहेत. कार्यकारी मंडळाचा त्यांच्याशी संबंध नाही. मंडळातही यावरून दोन तट आहेत.

१. "चांगलं पुस्तक द्या" म्हटलं की तुम्ही उलट प्रश्न का विचारता?

कारण चांगलं पुस्तक वेगळं आणि तुम्हाला रुचणारं वेगळं. आम्ही दोनच गोष्टी विचारतो. शेवटचं कुठलं पुस्तक जेवण विसरून संपवलंत, आणि कुठलं अर्ध्यात सोडलंत? दुसऱ्या प्रश्नाला लोक लाजतात, पण आमचं काम त्याच्यावरच चालतं. "काय आवडतं?" असं विचारलं, की बहुतेक जण "सगळंच" म्हणतात, किंवा आपल्याला काय आवडायला हवं ते सांगतात. सोडलेल्या पुस्तकाबद्दल कोणी खोटं बोलत नाही.

एक बाई 'मृत्युंजय' साठाव्या पानावर सोडून आल्या. भाषा फार नटलेली वाटली म्हणाल्या. त्यांच्या हातात व्यंकटेश माडगूळकर ठेवले. आता माडगूळकरांचा अख्खा कप्पा त्यांनी संपवलाय आणि "असाच दुसरा लेखक द्या" म्हणून आमच्या मागे लागल्या आहेत.

तेव्हा सोडण्याचं कारणही सांगा. भाषा जड गेली, गोष्ट हलेना, की पुस्तकच हातात पेलेना? तिन्हींवर उपाय वेगळा.

२. कॉलेजनंतर वीस वर्षांत काहीच वाचलं नाही. सुरुवात कशाने करू?

बारीक पुस्तकाने. वीस वर्षांची भरपाई एकदम करायला निघालेली माणसं 'श्रीमान योगी' उचलतात आणि मुदत संपली की तोंड लपवत परत करतात. असं करू नका.

आमची पहिली शिफारस 'बनगरवाडी'. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच गोष्ट. वाक्यं आखूड, माणसं ठसठशीत, आणि शेवटाकडे दुष्काळ येतो तेव्हा आपण पुस्तक वाचतोय हे विसरायला होतं. दुसरी 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची १९३९ ची ही कादंबरी युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर घडते. हिटलरच्या जर्मनीतून सुटलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. दोन बैठकांत संपते, डोक्यातून जात नाही.

कादंबरी नकोच असेल तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ पासून हे पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जातंय. आमची प्रत तिसऱ्यांदा बांधून घेतली आहे.

३. पुस्तक अर्ध्यात सोडलं तर चालतं का?

चालतं. विलंब शुल्क उशिराचं असतं, कंटाळ्याचं नसतं. पन्नासेक पानं मात्र द्या. काही पुस्तकांना त्याहून जास्त लागतात, त्यांच्यासाठी प्रश्न १२ पहा.

४. पु. लं.चं सगळं वाचून झालं. आता हसायला काय?

हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. पु. लं.मधली माणसं आवडणारे, आणि पु. लं.मधल्या कोट्या आवडणारे.

माणसं हवी असतील तर जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' न्या. कोकणातलं एक गाव, एकेक वल्ली, आणि हसता हसता मध्येच घशात काहीतरी अडकतं. ग्रामीण ढंग चालत असेल तर द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील. हे दोघं आणि व्यंकटेश माडगूळकर मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करत. त्यामुळे त्यांच्या गोष्टी मनात न वाचता घरात मोठ्याने वाचाव्यात. मिरासदारांची 'भुताचा जन्म' आणि शंकर पाटलांची 'धिंड' यांनी सुरुवात करा.

शब्दांची गंमत हवी असेल तर मागे जा: चिं. वि. जोशी. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचा हा जनक पाली भाषेचा विद्वान होता, हे वाचून कळणार नाही, इतकं साधं लिहितो. काळ जुना आहे. टांगे, तारा, बडोदा. पहिल्या दोन गोष्टींत जरा अडखळाल, मग नाही.

५. 'मृत्युंजय' तीनदा वाचलं. महाभारतावर पुढे काय?

आधी सांगा, कर्ण हवाय की महाभारत? कर्णच हवा असेल तर रणजित देसाईंचं 'राधेय'. एकच गोष्ट अनेकांच्या तोंडून ऐकण्याची गंमत आवडली असेल तर खांडेकरांची 'ययाति'. तिथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात.

यानंतर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्या, पण सावधपणे. हे लेख आहेत, कादंबरी नाही. कर्वेबाई मानववंशशास्त्रज्ञ. देवत्व आणि चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी या सगळ्यांना माणसं म्हणून उलटतपासणीला उभं केलं आहे. कर्णभक्त हे पुस्तक परत करताना थोडे चिडलेले असतात. चिडूनही पुन्हा नेतात. त्याच वाटेने जाणारी मोठी कादंबरी म्हणजे भैरप्पांचं 'पर्व' (प्रश्न १५).

६. ऐतिहासिक कादंबरीतलं खरं किती असतं? घरात वाद होतात.

टेबलासमोरही होतात. 'स्वामी', 'राऊ', 'पानिपत' या कादंबऱ्या आहेत. लेखकांनी कागद वाचले आहेत, पण शनिवारवाड्यात रात्री नवरा-बायको काय बोलले याचा कागद नसतो. संवाद, मनातले विचार, डोळ्यांतलं पाणी हे सगळं लेखकाचं. तारखा, लढाया, तह हे बहुधा इतिहासातलं. कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून वादात आणला, की तुमची बाजू पडली समजा.

विश्वास पाटलांचं 'पानिपत' संपवून अस्वस्थ झालात तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' मागा. कादंबरीसारखं पळत नाही. नकाशा शेजारी ठेवून महिनाभर वाचायचं पुस्तक आहे.

पण आमचं लाडकं उत्तर तिसरंच आहे: 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. लुटले गेले, वाचले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुस्तक छापून आलं १९०७ साली. लेखक म्हणून नाव करावं असा भटजींचा काही हेतू नव्हता, म्हणूनच जे दिसलं ते लिहिलं: गोळे, भूक, दक्षिणेचे रुपये, आणि झाशीची राणी. जुनी भाषा पाहून घाबरू नका. पाच पानांत कान सरावतो.

गोव्यातल्या धर्मांतराच्या काळाबद्दल विचारणाऱ्यांना आम्ही महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' देतो. ही कादंबरी आहे, वरचा नियम तिलाही लागू.

७. रात्री झोप उडवणारं काहीतरी द्या. आणि 'तुंबाडचे खोत' आहे का?

हे दोन प्रश्न हल्ली एकत्र येतात, म्हणून उत्तरही एकत्र. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाने नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलं, गोष्टीचं बीज मात्र नारायण धारपांच्या कथेतलं. पेंडशांच्या कादंबरीत चित्रपटातला राक्षस हस्तर नाही, सोन्याच्या मोहराही नाहीत. जगबुडी नदीकाठच्या खोत घराण्याची, पिढ्यान्‌पिढ्यांची ती दोन जाडजूड खंडांची कहाणी आहे, आणि आमच्या मते मराठीतल्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी एक. पण भुताच्या आशेने नेलीत तर पहिला खंडच आठ दिवसांत परत येईल. आमच्याकडे असे तीन परत आले.

भीती हवी तर धारपच न्या. 'अनोळखी दिशा'चे खंड छोट्या कथांचे आहेत, पाणी जोखायला बरे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत भूत क्वचितच येतं. घाबरवतो तो शेजारचा माणूस.

खून आणि तपास हवा असेल तर सुहास शिरवळकर. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी आमच्याकडे फारच थोड्या उरल्यात. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड वाचकांनी अक्षरशः वाचून फाडले.

८. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, मराठी अडखळत वाचते. तिच्या वयाची पुस्तकं तिला जमत नाहीत.

गोम अशी, की नऊ वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलांचं पुस्तक दिलं की तिला अपमान वाटतो. म्हणून चित्रांच्या वाटेने जा. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं द्या. लेखन आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, आणि घरं, आज्या, भांडणं आपल्या ओळखीची. चित्रातल्या बारकाव्यांत मूल रमतं आणि मजकूर कमी आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

जोडीला रोज दहा मिनिटं तुम्ही वाचायचं, तिने ऐकायचं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यासाठी नामी. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा एकदा "ट्टॉक" म्हणाला की पुढचं प्रकरण मूल स्वतः उघडतं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही चालेल.

कृपा करून दर ओळीला थांबवून जोडाक्षरं दुरुस्त करू नका.

९. मुलगा नववीत आहे. 'शाळा' कादंबरी द्यावी का?

द्यावी. मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशीही नववीतच आहे. आणीबाणीचा काळ, वर्गातली टोळी, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. यात मुलं जशी बोलतात तशी बोलतात, त्यामुळे काही पालक मध्येच पुस्तक काढून घेतात आणि परत करायला येईपर्यंत स्वतः वाचून काढतात.

तितकी घाई नसेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' अशी चार पुस्तकं, याच क्रमाने. आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या पोराची ही गोष्ट मुलांपेक्षा चाळिशीतल्यांनाच जास्त लागते, हेही सांगून ठेवतो. शिरवळकरांची 'दुनियादारी' कॉलेजात गेल्यावर.

१०. आईचं वय ७८. मोठ्या अक्षरांतलं काही आहे का?

मोठ्या अक्षरांची मराठी पुस्तकं कमीच निघतात. पण खरी अडचण पुष्कळदा अक्षरापेक्षा वजनाची असते. पडून वाचणाऱ्या माणसाच्या छातीवर सातशे पानांचा ठोकळा ठेवून कसं चालेल? म्हणून वय झालेल्यांसाठी आम्ही आधी पुस्तक हातात तोलून पाहतो, मग नाव पाहतो. नव्या छपाईची, सुट्या प्रकरणांची, पातळ पुस्तकं शोधतो. एका बैठकीत एक लेख संपला की उद्या धागा शोधावा लागत नाही.

पूर्वी वाचलेलं पुन्हा देण्यातही कमीपणा नाही. एक आजी दर श्रावणात 'स्मृतिचित्रे' नेतात. त्यांच्यासाठी संक्षिप्त आवृत्ती वेगळी काढून ठेवतो, ती हलकी आहे.

११. घरात नुकतंच कोणी गेलं आहे. दुःखी नको, पण हसवणारंही सोसणार नाही.

हे आम्हाला टेबलाशी हळू आवाजात विचारलं जातं, आणि एवढ्या वर्षांत आमचं उत्तर बदललेलं नाही: दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख. झाडं, पाखरं, आभाळ. गोष्ट नाही, माणसांची ताटातूट नाही. सध्या जो महिना चालू असेल तोच लेख वाचायचा आणि खिडकीबाहेर पाहायचं. परत करायची घाई नको, मुदत आम्ही वाढवून देऊ.

१२. 'कोसला' कळलं नाही. जी. ए. झेपले नाहीत. माझंच काही चुकतंय का?

चुकत काही नाही, दाराचा प्रश्न आहे. 'कोसला' गोष्ट म्हणून वाचायला घेतलीत की फसता. पांडुरंग सांगवीकर बोलतोय असं समजून दोन पानं मोठ्याने वाचा. ते "वगैरे" आणि "उदाहरणार्थ" कानावर पडले की हसू येतं. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचं मरण येतं, तेव्हा याच हसणाऱ्या आवाजाचं काय होतं ते पाहण्यासाठी कादंबरी वाचायची. १९६३ साली ज्यांनी वाचली त्यांच्यातलेही निम्मे भांडतच होते.

जी. ए. कुलकर्ण्यांसाठी 'पिंगळावेळ' किंवा 'काजळमाया' पहिल्यांदा उचलू नका. त्यांचा पहिला संग्रह 'निळासावळा' घ्या, आणि दिवसाला एकच कथा. सलग वाचलेत तर जग काळं दिसू लागेल.

१३. आत्मचरित्रं आवडतात, पण मोठ्या माणसांची नकोत.

मग मराठीत तुमची चंगळ आहे. 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात करा. पती धर्म बदलतो, घर उसवतं, आणि लक्ष्मीबाई टिळक हे सगळं अंगणात निवडत बसल्यासारखं, स्वतःवर हसत सांगतात. मग दया पवारांचं 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं', ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. "फार दुःखी आहे का?" असं यांच्याबद्दल विचारतात. भूक आहे, अपमान आहे, पण रडगाणं नाही. 'आयदान'मध्ये तर खट्याळपणाही भरपूर आहे.

सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' पु. लं.बद्दल कळावं म्हणून नेऊ नका. ते सुनीताबाईंचं पुस्तक आहे.

१४. कविता कळत नाहीत, पण वाचायच्या आहेत.

कवितेचं एकटं पुस्तक नेऊ नका, कादंबरीच्या जोडीला न्या. कादंबरी ठेवताना एक कविता. 'बहिणाबाईंची गाणी' (१९५२) आधी, कारण त्यातलं निम्मं तुमच्या कानावर आहेच. पुढे इंदिरा संत. नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' कधीतरी वाचाच, पण पहिलं नको.

१५. अनुवाद वाचावा की मूळ?

मूळ भाषा सहज वाचता येत असेल तर मूळ. इंग्रजी जेमतेम असताना हट्टाने इंग्रजी वाचून चौथ्या प्रकरणात थांबण्यापेक्षा चांगला मराठी अनुवाद केव्हाही बरा. कन्नडसाठी उमा कुलकर्णी हे नाव मुखपृष्ठावर पाहायचं. भैरप्पांचं 'पर्व' आणि 'वंशवृक्ष' त्यांच्यामुळे मराठी घरांत आलं. बंगालीतले शरच्चंद्र मामा वरेरकरांनी आणले. अनुवादकाचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत लपवलं असेल, तर आधी दोन पानं उभ्याउभ्या वाचून मगच नोंद करा.

१६. दर रविवारी गडावर जातो. त्या जातीचं पुस्तक?

गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा', आणि राजमाचीला जाणार असाल तर 'माचीवरला बुधा' पिशवीत टाकून जा. जंगलासाठी मारुती चितमपल्ली. वनखात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाचं लिहिणं आहे, त्याला पानांचा वास येतो. माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांच्या टोळीबद्दल आहे. निवडणुकांच्या दिवसांत ते कपाटात राहत नाही, हा आमचा अनुभव.

१७. सगळी जुनीच नावं सांगता. हल्लीचं काही?

तक्रार रास्त आहे. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' (धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस), किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', प्रणव सखदेवांचं 'काळेकरडे स्ट्रोक्स', नंदा खऱ्यांचं 'उद्या'. शेवटच्याला साहित्य अकादमी जाहीर झाली, लेखकाने घेतली नाही. विज्ञानकथा हवी असेल तर नंदा खरे वाचून झाल्यावर उलट्या दिशेने जयंत नारळीकरांकडे या. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेला ना. वि. जगताप या नावाने पाठवली होती, परीक्षकांनी नाव पाहून भुलू नये म्हणून. आद्याक्षरं उलटी वाचा.

१८. 'श्यामची आई' इतक्या प्रकाशकांची कशी? कुठली नेऊ?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून कोणीही छापू शकतो. काही आवृत्त्या काटछाट केलेल्या असतात. ओळखायची खूण सोपी: अनुक्रमणिकेतल्या 'रात्री', म्हणजे प्रकरणं, मोजा. बेचाळीस हव्यात.

१९. दिवाळी अंक कसे निवडायचे?

नावावरून नाही, अनुक्रमणिकेवरून. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा फराळ वाढतोच आहे आणि सगळा खाऊन होत नाही. ओळखीचा एक लेखक आणि अनोळखी दोन असतील तो अंक न्या. जाहिराती मोजू नका, अंक त्यांच्यावरच जगतात. ज्योतिषाचे अंक फेब्रुवारीपर्यंत बाहेरच असतात, त्यांची वाट पाहू नका.

२०. नाव आठवत नाही, लेखकही नाही. कव्हर निळं होतं. मिळेल का?

मिळण्याचा संभव तुम्हाला वाटतो त्याहून जास्त आहे. पण कव्हर विसरा. बांधणीला गेलेलं पुस्तक परत येतं ते तपकिरी पुठ्ठ्यात. साधारण केव्हा वाचलंत, कोणी दिलं होतं, आणि एखादा प्रसंग, कितीही क्षुल्लक, तेवढं सांगा. मागे एक गृहस्थ म्हणाले, "त्यात शेवटी सगळं गाव निघून जातं आणि मास्तर एकटा राहतो." आम्ही तिघंही एकदम उठलो. प्रत बाहेर होती. त्यांचं नाव वहीत लिहून ठेवलंय, आली की फोन करू.